सरखेल कान्होजी आंग्रे यांची तसबीर

पुण्याच्या चित्रशाळेनें 1878 पासून थोर पुरुषांचीं चित्रें छापून घरोघर पोंचविण्याचा जो प्रघात पाडला, त्याच परंपरेंतील सरखेल कान्होजी आंग्रे यांची रंगीत तसबीर आतां जळगांव-धुळ्याकडेहि भिंतीवर लागूं लागली आहे. समुद्र क्वचितच पाहिलेल्या खानदेशी मुलास या पुरुषाची ओळख व्हावी, यांत आम्हांस आनंदच आहे. पूर्वीं खानदेशचा माल तापीच्या खोऱ्यानें सुरतेस जाऊन तेथें जहाजावर चढत असे. तेव्हां समुद्रावर कायदा कोणाचा, हा प्रश्न आमच्या व्यापाऱ्यांसहि परका नव्हता. परंतु तसबिरींत तलवार, भरदार मिशा व मागें गलबत एवढेंच असतें. उलट लंडन येथें 1737 सालीं क्लेमेंट डाउनिंग नांवाच्या गृहस्थानें जें पुस्तक छापलें, त्याच्या मुखपृष्ठावरच आंग्रे यांस चांचा म्हटलें आहे. घरांत हार आणि इंग्रजी ग्रंथांत चांचेगिरीचा आरोप, या दोहोंमध्यें मुलानें काय समजावें?

आंग्रे घराण्याचें मूळ आडनांव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडीवरून तें आंग्रे झालें. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारांत होते. कान्होजींचें बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरांत गेलें. पुढें जंजिऱ्याच्या सिद्दीनें त्या किल्ल्यास वेढा दिला असतां किल्लेदार फितूर होतो असें पाहून तरुण कान्होजींनीं किल्ला स्वतः सांभाळला, अशी हकीकत सांगितली जाते. छत्रपति राजाराम जिंजीस, देशावर मोंगलांची धामधूम, अशा काळांत कोंकणकिनारा हातचा जाऊं न देण्याचें श्रेय मुख्यतः त्यांचें. सिधोजी गुजरांच्या मागें 1698 च्या सुमारास ते आरमाराचे प्रमुख झाले. राजाराम महाराजांच्या निधनानंतर त्यांनीं ताराबाईंचा पक्ष धरला. शाहूमहाराजांनीं त्यांच्यावर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांनीं कैद केलें. परंतु बाळाजी विश्वनाथांनीं बोलणें लावतांच 1713 सालीं त्यांनीं शाहूंचें स्वामित्व मान्य केलें. या तहानें सरखेलीचें पद कायम होऊन दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांजकडे राहिलीं.

आतां आरोपाचा विचार करूं. चांचा तो, ज्यास कोणत्याहि राज्याची सनद नाहीं व जो कोणताहि हक्क न सांगतां लुटतो. कान्होजी छत्रपतींचे नेमलेले अधिकारी. त्यांच्या पाण्यांतून जाणाऱ्या व्यापारी जहाजानें त्यांचा दस्तक घ्यावा व त्याबद्दल पैसा भरावा; दस्तक नसेल तर जहाज धरलें जाईल, असा त्यांचा नियम होता. हा नियम त्यांनीं नवा काढला नाहीं. पोर्तुगीज त्यांच्यापूर्वीं दोनशें वर्षें कार्ताझ नांवाचे परवाने विकत होते व इंग्रज कंपनीहि स्वतःचे परवाने देत होती. मग तेंच कृत्य एकानें केलें तर राजाधिकार आणि दुसऱ्यानें केलें तर चोरी, हा न्याय कोणत्या न्यायालयांत टिकेल? 1713 सालीं कंपनीशींहि त्यांचा तह झाला होता. पुढें भांडण पेटलें तें मुख्यतः एका मुद्द्यावर: इंग्रजी निशाणाखालीं देशी व्यापाऱ्यांचा माल दस्तकावांचून जाऊं द्यावा कीं नाहीं. हा वाद हद्दीचा व महसुलाचा होता, दरोड्याचा नव्हे. त्यांचे सगळेच धरपकडीचे प्रकार निर्दोष होते, असा आमचा दावा नाहीं. 1712 सालीं एका इंग्रज अधिकाऱ्याची विधवा त्यांच्या कैदेंत पडली व तीस हजार रुपये दंड घेऊन सुटली, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या काळीं असा दंड युरोपीय राष्ट्रेंहि घेत.

मुंबईचा गव्हर्नर बून यानें 1717 सालीं विजयदुर्ग, 1718 सालीं खांदेरी व 1720 सालीं पुन्हा विजयदुर्ग यांवर मोहिमा केल्या, तिन्ही फसल्या. 1721 च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, इंग्लंडच्या राजाचीं लढाऊ जहाजेंहि होतीं. तीहि चढाई फसली. कान्होजींचीं गुराबें व वल्हीं मारून चालणारीं गलबतें उथळ खाडींत शिरत, तेथें परक्यांचीं मोठीं जहाजें येऊं शकत नसत. वारा पडला कीं गलबतें गुराबांस ओढून नेत. या आरमारावर कोळी, भंडारी, मुसलमान व कांहीं फिरंगीहि चाकरीस होते. ज्या समाजानें पुढें एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परतलेल्यांस प्रायश्चित्त घ्यावयास लावलें, त्यानें आपल्याच किनाऱ्यावरील या लोकांकडे पाहिलें असतें तर बरें होतें. सोंवळ्याच्या भिंती उभारून आरमार चालत नाहीं.

4 जुलै 1729 रोजीं कान्होजी अलिबागेस वारले. तेथें त्यांची समाधि आहे. मुलांत लवकरच भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजींकडे व दक्षिणेकडील किल्ले संभाजींकडे, अशी वांटणी झाली. पुढें विजयदुर्ग तुळाजींच्या हातीं आला. त्यांचें पेशव्यांशीं बिनसलें, आणि नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. 1755 सालीं सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांखालीं विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. परक्यांनीं जें चार मोहिमांत साधलें नाहीं, तें आमच्याच सत्तेच्या साह्यानें साधलें. कुलाबा संस्थान मात्र 1840 पर्यंत टिकलें. स्वतंत्र भारताच्या नौदलानें 1951 सालीं मुंबईच्या तळास आंग्रे हें नांव दिलें, तें योग्यच झालें.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद जपीत आहे. मूळ कागद कसा वाचावा हें शिकावयास आमच्या शिक्षकांस दूर जाण्याचें कारण नाहीं. ज्या भिंतीवर नानासाहेब पेशव्यांचें चित्र आहे, तिच्यावरच कान्होजींचेंहि लागतें. चित्रें छापणारांस आमची सूचना एवढीच, कीं तसबिरीखालीं नुसतें शूर दर्यावर्दी असें न छापतां छत्रपतींचे सरखेल असें लिहावें, दस्तकाचा उल्लेख करावा, आणि विजयदुर्गच्या खाडींतील आगीचें 1756 हें सालहि त्यांत घालावें.