लोकसभेचे पहिले अध्यक्ष : दादासाहेब मावळंकर



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षांचे नाव एका ओळीत येते. परीक्षेत रिकामी जागा भरली की आपले त्या नावाशी नाते संपते. पण गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म आपल्या बडोद्यात झाला, तोही आपल्यासारख्याच गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घरात, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले जरा सावरून बसतात. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. पालकांनीही वाचावे, कारण यातला महत्त्वाचा भाग मोठ्यांच्या वादाचा आहे.

जन्म २७ नोव्हेंबर १८८८ चा. तेव्हा बडोद्याच्या गादीवर महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) होते. मावळंकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. गावावरून आडनाव आले, पण पोटापाण्यासाठी कुटुंब गुजरातेत आले ते इथलेच झाले. गणेशचे सुरुवातीचे शिक्षण कोकणात राजापूर वगैरे ठिकाणी झाले आणि १९०२ मध्ये तो अहमदाबादेस आला. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये त्यांनी विज्ञान विषय घेऊन बी. ए. केले, मुंबईस कायद्याचा अभ्यास करून १९१२ मध्ये ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि १९१३ मध्ये अहमदाबादेत वकिली सुरू केली. पुढे सगळे अहमदाबाद त्यांना दादासाहेब म्हणू लागले. घरात मराठी, बाहेर गुजराती, कोर्टात इंग्रजी. आपल्यापैकी किती घरांत आजही असेच चालते! त्यांनी पुस्तके लिहिली तीही गुजरातीत. ‘मानवतानां झरणां’ हे त्यांचे पुस्तक तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या हकिगतींचे आहे.

तुरुंग त्यांना चांगला परिचयाचा होता. खेडा सत्याग्रहापासून ते गांधीजींच्या आणि सरदार पटेलांच्या बरोबर होते. १९२१-२२ मध्ये ते गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस होते आणि स्वातंत्र्यलढ्यात सगळे मिळून जवळजवळ सहा वर्षे त्यांनी कारावासात काढली. शिवाय १९१९ पासून अहमदाबाद नगरपालिकेचे काम. दोनदा ते नगराध्यक्ष झाले. गटारे, पाणी, शाळा, कर यांवरच्या भांडणांत अध्यक्षाला कोणाचे किती ऐकून घ्यावे लागते, याचा सराव त्यांना तिथे झाला असणार. संस्था चालवणाऱ्या विश्वस्तांना वेगळे सांगायला नको, पण अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेतही (१९३५) त्यांचा पुढाकार होता.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि तिथे अध्यक्ष झाले. १९४६ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. त्यानंतर दिल्ली. तेथील मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक २४ जानेवारी १९४६ रोजी झाली. राज्य अजून इंग्रजांचे होते. सभागृहात सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले सदस्य बसत. समोर उमेदवार होते सर कावसजी जहांगीर. मावळंकरांना ६६ मते पडली, कावसजींना ६३. फक्त तीन मतांचा फरक! १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते कायदेमंडळ संपले आणि त्याबरोबर हे पदही संपले.

त्यानंतर एक वेगळाच पेच उभा राहिला. घटना समितीने घटना लिहायची की रोजचे कायदेही करायचे? दोन्ही कामे तिच्याकडे असतील तर सरकारला प्रश्न कोणी आणि कोठे विचारायचे? यासाठी ऑगस्ट १९४७ मध्ये मावळंकरांच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने दोन्ही कामे वेगळी करण्यास सुचवले. घटनेच्या कामाच्या वेळी डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी बसत आणि कायदेमंडळ म्हणून बैठक भरली की नोव्हेंबर १९४७ पासून मावळंकर बसत.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाल्यावर १५ मे १९५२ रोजी लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला. काँग्रेसतर्फे मावळंकर होते. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभे केले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले दोघेही मराठी भाषक! मावळंकरांना ३९४ मते मिळाली, मोरे यांना ५५. निकालाविषयी कोणालाच शंका नव्हती, कारण ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या.

खरी अडचण याच आकड्यांत होती. एका पक्षाच्या एवढ्या मोठ्या बहुमताने निवडून आलेला अध्यक्ष त्याच पक्षाच्या सरकारला जाब विचारू देईल का? इंग्लंडात अध्यक्ष झालेला माणूस आपला पक्ष सोडतो. मावळंकरांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नाही. आपल्याकडे तशी प्रथा रुजायला वेळ आहे, असे त्यांचे मत होते. खुर्चीवर बसल्यावर मात्र पक्ष बाहेर ठेवायचा, असे ते मानत. हे पुरेसे आहे का, यावर तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. माझे स्वतःचे मत असे की पक्ष सोडणे न सोडणे यापेक्षा त्यांनी खुर्चीवरून काय केले ते पाहावे.

त्यांनी केलेली कामे वर्तमानपत्रात मथळ्याला येतील अशी नव्हती. सभागृहात प्रश्न विचारला की मंत्री सांगत, माहिती गोळा करून नंतर सभागृहापुढे ठेवू. पुढचे अधिवेशन येई, माहिती येत नसे, प्रश्न विचारणाराही विसरून जाई. (गृहपाठ उद्या दाखवतो म्हणणारे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांना हा प्रकार माहीत आहे.) १९५३ मध्ये आश्वासन समिती नेमली गेली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले प्रत्येक आश्वासन नोंदवायचे आणि ते पुरे झाले की नाही हे पाहायचे, एवढेच तिचे काम. कायद्याखाली सरकार जे नियम परस्पर करते ते तपासायला दुसरी समिती त्याच वर्षी आली. त्याआधी १९५० मध्ये अंदाज समिती झाली. लोकलेखा समिती जुनी होती, पण १९५० पर्यंत तिच्या अध्यक्षस्थानी खुद्द अर्थमंत्री बसत! ज्याच्या खर्चाचा हिशेब तपासायचा तोच तपासणाऱ्यांचा प्रमुख. घटना अमलात आल्यावर ही पद्धत बंद झाली आणि ती समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या देखरेखीखाली आली. विरोधी पक्षाच्या सदस्याला तिचे अध्यक्षपद देण्याची प्रथा मात्र बरीच नंतरची, १९६७ पासूनची.

पंतप्रधान पंडित नेहरूंशी त्यांचा जुना स्नेह होता, पण खुर्चीवर तो आड आला नाही. एकदा नेहरूंना सभागृहात दुसरे निवेदन करायचे होते. नियमात बसत नाही म्हणून मावळंकरांनी परवानगी नाकारली. नेहरूंनी ते निमूटपणे मानले.

याहून मोठा मतभेद वटहुकुमांवरून झाला. संसदेचे अधिवेशन चालू नसेल आणि तातडीची गरज असेल, तर राष्ट्रपतींना वटहुकूम काढता येतो, अशी तरतूद घटनेच्या १२३ व्या कलमात आहे. सही राष्ट्रपतींची, सल्ला मंत्रिमंडळाचा. वटहुकूम निघाला की तो कायद्यासारखा लागू होतो. अधिवेशन भरल्यावर तो सभागृहापुढे येतो खरा, पण तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. मावळंकरांना हे खटकत असे. त्यांनी १९५० मध्ये संसदीय कामकाज मंत्र्यांना आणि १९५४ मध्ये थेट नेहरूंना पत्र लिहून आपला आक्षेप कळवला. वटहुकूम हा मुळातच लोकशाहीच्या स्वभावाविरुद्धचा मार्ग आहे, अगदी निकडीच्या वेळीच तो वापरावा, वेळ अपुरा पडतो ही सबब चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली लोकसभा जी सवय लावील तीच पुढे चालेल आणि मग सभागृहाला नुसता शिक्का मारण्याचे काम उरेल, ही भीतीही त्यांनी घातली. ध्यानात घ्या, हे त्यांच्याच पक्षाचे सरकार होते आणि समोर नेहरू होते.

भीती खोटी ठरली नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील वटहुकूम मोजले. १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांनी काढलेले २५६ वटहुकूम विधानसभेपुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हा मावळंकरांना जाऊन तीस वर्षे झाली होती.

आता दुसरी बाजू. मावळंकर कडक होते, आणि तो कडकपणा विरोधकांनाही सोसावा लागे. सभागृहाच्या गणसंख्येइतके, म्हणजे एकदशांश सदस्य असल्याशिवाय एखाद्या गटाला संसदीय पक्ष म्हणून मान्यता द्यायची नाही, असा त्यांनी निर्णय दिला. पहिल्या लोकसभेत काँग्रेसखालोखाल कम्युनिस्ट पक्ष होता आणि तो १६ जागांवर निवडून आला होता. साहजिकच मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता कोणी झाला नाही. लोकसभेला असा नेता मिळाला तो थेट १९६९ मध्ये. २०१४ आणि २०१९ च्या लोकसभांतही विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा याच जुन्या निर्णयाचा आधार सांगितला गेला. सरकारला जबाबदार धरण्यासाठी एवढे करणाऱ्या माणसाच्या हातून विरोधकांची वाट अशी अरुंद व्हावी, हे मला पटत नाही. कामकाज विस्कळीत होऊ नये हा त्यांचा हेतू असेल, पण परिणाम दूरवर गेला.

सगळे कामकाज थांबवून एखाद्या प्रश्नावर चर्चा घ्या अशा मागण्या, म्हणजे तहकुबी सूचना, ते सहसा मान्य करत नसत. काही प्रश्नही नाकारत. विरोधकांचा राग साठत गेला आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी लोकसभेत अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला. मांडणारे होते बिहारचे खासदार विघ्नेश्वर मिसिर. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत आणि सर्व बाजूंचा विश्वास त्यांनी गमावला आहे, असा आरोप ठरावात होता. स्वतंत्र भारतात लोकसभेच्या अध्यक्षांवर आलेला हा पहिलाच ठराव.

घटनेप्रमाणे अशा वेळी अध्यक्ष स्वतः खुर्चीवर बसू शकत नाहीत. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी ती बैठक चालवली. नेहरूंनी ठरावाला जोरदार विरोध केला, पण काँग्रेसच्या सदस्यांवर व्हिपचे, म्हणजे पक्षादेशाचे, कोणतेही बंधन नाही, ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे मत द्यावे, असेही सांगितले. ठराव फेटाळला गेला. आरोप सगळे खोटे होते असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण बहुमत कोणाचे होते ते आपण वर पाहिलेच. पण जो माणूस मंत्र्यांना उत्तरे द्यायला लावत होता, त्याच्या वागण्याचीही त्याच सभागृहात उघड चर्चा झाली आणि विरोधकांनी आपले म्हणणे नोंदवले.

त्यानंतर चौदा महिने मावळंकर अध्यक्षपदावर होते. हृदयविकाराने आजारी पडून २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना त्यांचे नाव निराळ्याच कारणाने माहीत असेल. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते आणि ‘मावळंकर नेमबाजी स्पर्धा’ त्यांच्याच नावाने भरतात.

त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी त्याच वर्षी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. मुलगा पुरुषोत्तम राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. वडिलांच्या पक्षात ते गेले नाहीत. १९७२ ची अहमदाबादची पोटनिवडणूक त्यांनी अपक्ष म्हणून लढवली आणि ते लोकसभेत पोचले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. जुलैत अधिवेशन भरले तेव्हा त्या अधिवेशनापुरता प्रश्नोत्तराचा तासच रद्द करण्यात आला. अनेक विरोधी नेते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती. वडिलांनी ज्या सभागृहात प्रश्नांना वेळ राखून ठेवला, त्याच सभागृहात पुरुषोत्तम मावळंकर आणीबाणीविरुद्ध उभे राहून बोलले, पुन्हा पुन्हा बोलले. त्या काळातील त्यांच्या भाषणांचे इंग्रजी पुस्तक पुढे १९७९ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘नो, सर’.