जॉन चार्नली : खुब्यात प्लॅस्टिक बसवणारा डॉक्टर

आमच्या जळगाव-धुळ्याकडे घरातलं म्हातारं माणूस मोरीत घसरलं आणि खुबा मोडला, की सगळ्यांना एकच धास्ती असते: आता हे परत चालतील का? आज बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभं करतात. यात मोठा वाटा आहे इंग्लंडच्या सर जॉन चार्नली यांचा. आज मी त्यांचीच गोष्ट सांगतो.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. गोळ्याखालची मान मोडली की त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग हाड जुळणं अवघड. मानेच्या खाली मोडलं असेल तर रॉड-स्क्रू टाकून जोडतात. मान मोडून सरकली असेल, तर वयस्कर माणसाचा अर्धा किंवा पूर्ण सांधाच बदलतात. नुसतं खाटेवर पडून राहिलं तर पाठीला जखमा, न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या असे धोके मागे लागतात.

डॉक्टर, पण डोकं मेकॅनिकचं

चार्नली १९११ मध्ये बरी या गावी जन्मले. वडील औषधविक्रेते, आई नर्स. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये असताना त्यांनी वर्कशॉपमध्ये हाडांच्या ऑपरेशनची अवजारं बनवून घेतली. पुढे त्यांच्याकडे एक पेशंट आला. त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा होता आणि हालचाल केली की कर्रकर्र आवाज यायचा. चार्नलींनी ताडलं, खरी अडचण घर्षणाची आहे. मग त्यांनी स्टीलचा गोळा लहान केला, वाटी टेफ्लॉनची केली आणि दोन्ही सिमेंटने पक्के बसवले.

सगळं फसलं तेव्हा

सुरुवातीला पेशंट मस्त चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खराब झालं. असे पेशंट थोडेथोडके नव्हते, शेकडो होते. चार्नलींनी हे लपवलं नाही. त्यांची ऑपरेशनं पुन्हा करायला घेतली. शरीर काय करतं ते बघायला टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत टोचून घेतलं!

१९६२ मध्ये एका सेल्समनने नवीन प्लॅस्टिकचा तुकडा आणला. चार्नलींना त्यात दम वाटला नाही. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांनी तो गुपचूप झीज मोजायच्या मशीनवर लावला. तीन आठवडे मशीन चाललं, तरी झीज अगदीच किरकोळ! हे होतं पॉलिएथिलीन. आपल्या केळीच्या बागेतली ठिबकची नळी याच खानदानातली; खुब्यातलं मात्र फार लांब रेणूंचं, म्हणून चिवट. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून त्याच्या वाट्या बसू लागल्या.

पोळलेल्या चार्नलींनी या वेळी घाई केली नाही. बरीच वर्षं निकाल तपासले, मगच इतर सर्जनना हे तंत्र वापरू दिलं. इन्फेक्शन टाळायला गाळलेल्या हवेची ऑपरेशनची खोलीही बनवली. १९७७ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९८२ मध्ये ते गेले. त्यांचा सांधा मुळात संधिवातासाठी होता, पण पुढे मोडलेल्या खुब्यांनाही तो कामी आला.

हे लक्षात ठेवा

पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर चोळू नका, ओढू नका, चालवूनही बघू नका. थेट दवाखाना, एक्स-रे. ऑपरेशन ठरलं तर उगाच दिवस घालवू नका. आजी-आजोबा असलेल्या घरात हा लेख नक्की पाठवा!