पंगतीतले धडे : कर्मवीर भाऊराव पाटील

स्मरणिकेसाठी काय लिहावे हा प्रश्न पडला तेव्हा आपल्या शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवला. पुस्तकातला धडा वाचायचा, तात्पर्य वहीत लिहायचे, घंटा झाली की विसरायचे! मुलांवर संस्कार शाळेत होतात हे खरेच आहे, पण ते त्या तासाला होतात का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. ही शंका ज्यांच्या चरित्राने पक्की केली, त्या कर्मवीर अण्णांविषयी चार शब्द लिहितो.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज येथे, जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. अभ्यासात ते काही चमकले नाहीत. मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे ज्यांच्या संस्थेतून हजारो पदवीधर बाहेर पडले त्यांच्याबद्दलची ही गोष्ट आपल्यातल्या काठावर पास होणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

बोर्डिंगात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले. परतल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी तो पाळायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासाचा लाभ भाऊरावांना याच काळात झाला.

पुढची हकिगत मला साऱ्या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठ्यांना गुंतवायचे घाटत होते आणि त्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव आला. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगातून घालवले त्यांच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. भाऊराव साक्ष द्यायला तयार झाले नाहीत. कोठडीत त्यांचे हाल झाले. छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. हे बळ त्यांना कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिले असेल?

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांनी शेतकऱ्यांची घरे आतून पाहिली, कर्ज पाहिले, निरक्षरता पाहिली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले.

या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकाच चुलीवरचे अन्न एका पंगतीत खात. स्वयंपाक मुलांचा, भांडी मुलांची, झाडलोट मुलांची. कोणी शेतात राबे, कोणी बांधकामावर दगडमाती वाही. समतेवर व्याख्यान देण्याची गरजच उरत नसे. शेजारच्या मुलाने थापलेली भाकरी खाताना त्याची जात विचारायची तरी कशी? १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असताना त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

अण्णांची शिस्त करडी होती. आजच्या पालकांना ती सोसवली नसती, आणि तिचा प्रत्येक कंगोरा अनुकरणीय होता असेही मी म्हणणार नाही. पण मुलांना जे करायला लावले त्यातून त्यांनी स्वतःचे घर वगळले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, वहिनी, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनीच या सगळ्या जातींच्या लेकरांना पोटाशी धरले. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. धान्य संपले आणि हाती पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळी सवाष्ण बाईने हे करणे म्हणजे काय, ते आपल्या आयांना आणि आज्यांना विचारावे. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

कारण खरा विस्तार त्यानंतरच झाला. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज निघाले. खेड्यातल्या शाळेला खेड्याची जाण असलेला शिक्षक हवा, हे अण्णांनी ओळखले होते. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल झाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका ही योजना तर आता महाराष्ट्रभर रुजली आहे. गांधीहत्येनंतरच्या दिवसांत सरकारी अनुदान बंद पडले, तेव्हा गाडगेबाबा संस्थेच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या नावाने अण्णांनी १९५४ मध्ये कराडला कॉलेज काढले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

माजी विद्यार्थ्यांच्या या अंकात एका माजी विद्यार्थ्याचे नाव घेतलेच पाहिजे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे अण्णांच्या हाताखाली वाढले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईत वकिली थाटून बक्कळ पैसा मिळवायला त्यांना कोणाची हरकत नव्हती. ते साताऱ्याला परतले, अण्णांच्या संस्थेत शिकवू लागले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. असे परत आलेले ते एकटेच नव्हते. वसतिगृहात भाकरी थापून शिकलेली कितीतरी मुले तुटपुंज्या पगारावर संस्थेची आजीव सेवक झाली आणि आपण जिथून आलो त्याच खेड्यांत शिक्षक म्हणून गेली.