मिठाची जकात आणि शिवाजी महाराज : लढायांच्या पलीकडचा एक पाठ



आपल्या भोर-वेल्ह्यातल्या मुलांना शिवाजी महाराज शिकवावे लागत नाहीत, असं आपण नेहमी म्हणतो. वेल्ह्यात तोरणा आणि राजगड, भोरमध्ये रायरेश्वर आणि रोहिडा. शाळेच्या व्हरांड्यातून डोंगर दिसतो आणि मुलांच्या तोंडी अफजलखान, आग्रा, पावनखिंड सगळं पाठ असतं.

पण मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात एका मुलाने मला अडवलं. त्याचे वडील शिरवळच्या बाजूला कंपनीत कंत्राटी कामाला जातात. त्याने विचारलं की लढाई नसायची तेव्हा महाराज काय करायचे? सैनिकांना पगार कोण द्यायचं? मी वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. सुट्टीत वाचत बसलो आणि लक्षात आलं की आपण महाराजांचं अर्धंच चरित्र शिकवतो. उरलेलं अर्धं म्हणजे जकात, पगार, करार आणि परदेशी व्यापाऱ्यांशी बोलणी. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. वर्गात जसंच्या तसं सांगता येईल.

आधी खोरी वेगळी होती

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास पुण्याची आदिलशाही फौजेने राखरांगोळी केली होती. पुढे जिजाऊ बालशिवबाला घेऊन पुण्यात आल्या. ओस पडलेली गावं पुन्हा वसवायची होती. पडीक जमीन लागवडीला घेणाऱ्याला सुरुवातीची वर्षं सारा कमी, मग हळूहळू वाढता, अशी सवलत दिली गेली. राज्य म्हणजे आधी नांगर चालला पाहिजे, हे महाराजांनी लहानपणीच पाहिलं.

आता आपला भाग डोळ्यांसमोर आणा. नीरेचं खोरं, गुंजवणीचं खोरं, कानंदीचं खोरं. आज आपण एसटीने तासाभरात एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातो. तेव्हा प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा होता. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानंद खोऱ्यात मरळ. वसुली ज्याची त्याच्याकडे, माणसं ज्याची त्याच्याकडे. जेधे आणि बांदल यांच्यात तर जुनं वैर होतं.

महाराजांनी ही खोरी एकेक करून जोडली. कुठे समजुतीने, कुठे बळाने. रायरेश्वरासमोर शपथ घेतली अशी परंपरा आपण सांगतो. १६४६-४७ च्या सुमारास तोरणा हाती आला. तिथे सापडलेलं धन मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्च झालं आणि राजगड उभा राहिला. पुढची सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार आपल्या वेल्ह्यातल्या या डोंगरावरून चालला. १६५९ साली अफजलखान आला तेव्हा आदिलशाहीचं फर्मान कान्होजी जेध्यांनाही आलं होतं. ते वतनावर पाणी सोडून महाराजांकडे राहिले. वर्षभरातच पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बांदलांची माणसं खिंडीत लढली. एकमेकांचे वैरी एका बाजूला उभे राहिले होते.

मुलांना इथे थोडं थांबवा. वेगवेगळी राज्यं जोडायची म्हटली की तीन प्रश्न येतातच. सीमेवर कर किती आणि कोणी घ्यायचा? माणसाने कोणाकडे कामाला जायचं? आणि बाहेरच्यांशी बोलायचं कोणी? युरोपात १९५७ साली सहा देशांनी रोमला करार केला तेव्हा त्यांच्यापुढेही हेच तीन प्रश्न होते. १९६८ पर्यंत त्यांनी आपापसातली जकात काढली आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची एकच जकात ठेवली. कामगाराला एका देशातून दुसऱ्या देशात कामाला जायची मुभा दिली. व्यापाराची बोलणी सगळ्यांच्या वतीने एकत्र करायचं ठरवलं. युरोपातल्या देशांनी हे स्वखुशीने बोलून केलं, आपल्याकडे तलवारही होती. हा फरक मुलांपासून लपवू नका. पण प्रश्न तेच आहेत. आता महाराजांची उत्तरं पाहू.

पहिला प्रश्न : जकात

१६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन महाराज कोकणात उतरले आणि स्वराज्याला समुद्र मिळाला. समुद्र म्हणजे बंदरं, बंदरं म्हणजे माल, आणि कोकणचा एक मोठा माल म्हणजे मीठ. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर घाटवाटांनी देशावर चढायचं.

अडचण अशी झाली की गोव्याच्या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त मिळत होतं. व्यापारी तिकडे वळू लागले. तसंच चालू राहिलं असतं तर आपल्या बंदरातलं मीठ पडून राहिलं असतं, मिठागरं ओस पडली असती आणि जकातही बुडाली असती. १६७१ च्या डिसेंबरात महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून हुकूम दिला. बारदेशाहून येणाऱ्या मिठावर इतकी जबर जकात बसवायची की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडावं.

शिक्षक मित्रांनो, हे वाचल्यावर मी हे पत्र मोठ्या अभिमानाने वर्गात सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं की मग गरिबाला मीठ महाग पडलं असेल ना? खरं सांगतो, मला तिचं कौतुकही वाटलं आणि घामही फुटला. कारण ती बरोबर बोलत होती. बाहेरच्या मालावर जकात बसली की इथला करणारा वाचतो, पण इथल्या घेणाऱ्याला स्वस्त माल मिळत नाही. महाराजांनी मिठागरवाल्याची आणि बंदराची बाजू घेतली. स्वस्त मिठासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहिलो आणि उद्या त्याने हात आखडला, तर काय, हा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. पण निर्णयाला किंमत होती, हे सांगायला आपण लाजू नये. मोठ्या माणसाचा निर्णय दोन्ही बाजूंनी तोलून पाहिला म्हणून तो माणूस लहान होत नाही.

दुसरा प्रश्न : माणसं आणि काम

कल्याणच्या खाडीत महाराजांनी गलबतं बांधायला घेतली. मोठी जहाजं बांधण्याची विद्या पोर्तुगीजांकडे होती, म्हणून व्हियेगस नावाच्या पोर्तुगीज कारागिराला त्याच्या माणसांसह कामाला ठेवलं. पोर्तुगीजांना हे कळलं तेव्हा ते हादरले. आपलेच कारागीर शेजाऱ्याचं आरमार उभं करत आहेत! वसईच्या अधिकाऱ्यांनी त्या लोकांची समजूत घातली आणि ते काम अर्धवट टाकून निघून गेले.

तुम्ही पालक असाल तर ही गोष्ट तुम्हाला आजचीच वाटेल. हुशार कारागीर जिथे काम मिळेल तिथे जातो आणि त्याचा देश त्याला परत ओढतो. पण काम थांबलं नाही. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी ते पुढे नेलं. पुढे दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या हाताखाली हे आरमार समुद्रावर फिरू लागलं. परक्याकडून शिकायचं, पण सगळा भार त्याच्यावर टाकायचा नाही, हा धडा कल्याणला मिळाला होता.

आता त्या मुलाच्या पगाराच्या प्रश्नाकडे येऊ. महाराजांच्या काळात चाकरीच्या बदल्यात जमीन किंवा गाव तोडून द्यायची रीत सगळीकडे होती. त्यातून गावोगाव छोटे राजे तयार व्हायचे. सभासदाच्या बखरीवरून दिसतं की महाराजांनी ही रीत आवरली आणि रोख पगारावर भर दिला. पगार मिळाला की शिपाई रयतेला लुबाडणार नाही, हा त्यातला हिशोब. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला तर त्यांनी स्पष्ट बजावलं होतं की धान्य आणि वैरण शेतकऱ्याकडून हिसकावायची नाही, पैसे देऊन बाजारातून आणायची. १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंत यांना लिहिलं की ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्या, खायला नाही त्याला धान्य द्या, आणि वसुली त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश करा.

तिसरा प्रश्न : बाहेरच्यांशी करार

पन्हाळ्याला वेढा पडला होता तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले. ते व्यापारी म्हणून आले होते, पण लढाईत उतरले. १६६१ साली महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. त्यांना सुमारे दोन वर्षांनी सोडलं. इंग्रज मग नुकसानभरपाईचं तुणतुणं पुढची दहा-अकरा वर्षं वाजवत राहिले.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन आला होता. तो नुसता समारंभ पाहायला आला नव्हता. त्याच्याकडे कलमांची यादी होती. इंग्रजांना राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी हव्या होत्या आणि आयात मालावर शेकडा अडीचच जकात हवी होती. ते मिळालं. राजापूरच्या भरपाईचाही निकाल लागला.

पण दोन कलमांवर बोलणी अडली. पहिलं नाण्याचं. इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं अशी त्यांची मागणी होती. महाराजांकडून उत्तर गेलं की आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात प्रजेचं नुकसान होईल ते नाणं घ्या अशी सक्तीही करणार नाही. नाणं कसाला उतरलं तर लोक आपणहून घेतील. दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. वादळाने किनाऱ्याला लागलेला माल परत द्यावा असं इंग्रज म्हणत होते. कोकणच्या रिवाजाप्रमाणे तो माल सरकारचा. आणि एकदा इंग्रजांना सूट दिली की फ्रेंच, डच सगळेच ती मागणार, हे महाराजांच्या बाजूने सांगितलं गेलं.

साडेतीनशे वर्षं होऊन गेली या बोलण्यांना, पण आजही देशादेशांतल्या करारात हाच पेच असतो. एकाला दिलं की दुसरा मागतो.

आणखी एक करार मुलांना जरूर सांगा. १६७७ साली महाराज दक्षिणेत तमिळ मुलखात उतरले. तिथल्या किनाऱ्यावर डचांच्या वखारी होत्या. डच तिथून माणसं, बायका विकत घेऊन गुलाम म्हणून जहाजाने बाहेर नेत. आधीच्या सत्तांनी त्याला मुभा दिली होती. महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला, पण त्यात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली. कापड विका, मसाला न्या, माणूस नेता येणार नाही. त्या काळात युरोपातल्या बलाढ्य कंपन्या जगभर हाच धंदा करत होत्या, हे लक्षात घेतलं तर या एका कलमाचं वजन कळतं.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज गेले. वय अवघं पन्नास.

वर्गात काय करता येईल?

१) नकाशावर तोरणा, राजगड, रोहिडा, कल्याण, राजापूर, कुडाळ आणि बारदेश शोधायला सांगा. मिठाची वाट बोटाने काढू द्या.

२) वर्गाचे तीन गट करा. मिठागरवाला, व्यापारी आणि मीठ विकत घेणारी गृहिणी. जकात हवी की नको, यावर प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. शिक्षकाने निकाल द्यायचा नाही.

३) घरी विचारून यायला सांगा. आपल्या घरात बाहेरगावी किंवा परदेशी कोण कामाला गेलं? का गेलं? आपला कोणता माल बाहेर जातो? २०१० साली आपल्या महाराष्ट्राची द्राक्षं एका औषधाच्या अंशामुळे युरोपात अडकली होती. युरोपातला नियम इथल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसा पोहोचतो, ते यातून मुलांना कळेल.

त्या मुलाला मी यंदा उत्तर दिलं. लढाई नसायची तेव्हा महाराज हिशोब तपासायचे, पत्रं लिहायचे आणि आपल्या माणसाच्या मीठ-भाकरीची काळजी करायचे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की हे काम तर माझे वडीलपण करतात. मी त्याला चूक म्हटलं नाही.

पाठ कसा वाटला, तुमच्या वर्गात मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते नक्की कळवा.