जेम्स वॅटचे नळकांडे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ग्रीनॉक या बंदरात १९ जानेवारी १७३६ रोजी जेम्स वॅट याचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याचे शाळेत जाणे अनियमित असे. परंतु वडिलांच्या कारखान्यात हत्यारांवर त्याचा हात लवकरच बसला. किटलीचे झाकण उडताना पाहून त्याने वाफेचे यंत्र शोधले, ही गोष्ट सर्वश्रुत असली तरी खरी नव्हे. त्याच्या जन्मापूर्वीपासूनच वाफेची यंत्रे खाणींतील पाणी उपसत होती.

लंडनमध्ये वर्षभर उमेदवारी करून वॅट गणिती उपकरणे बनविण्यास शिकला आणि १७५७ साली ग्लासगो विद्यापीठात त्याने आपली कर्मशाळा थाटली. तेथे १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या यंत्राची एक प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीस आली. या यंत्राच्या नळकांड्यात वाफ भरून मग त्यातच थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचे पाणी होऊन आत पोकळी उत्पन्न होई आणि बाहेरील हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. परंतु प्रत्येक खेपेस नळकांडे थंड होई व ते पुन्हा तापविण्यात पुष्कळ वाफ वाया जाई. १७६५ साली एका रविवारी फिरावयास गेला असता वॅटला या कोड्याचे उत्तर सापडले. वाफ थंड करण्यासाठी पात्र वेगळे असावे. नळकांडे सदैव गरमच राहावे. शस्त्रवैद्याची पितळी पिचकारी घेऊन त्याने लगेच लहानसा नमुना केला आणि तो चालला.

खरी अडचण पुढेच होती. मोठ्या यंत्राचे नळकांडे आतून अचूक गोल कोण करून देणार? त्या काळी ओतीव नळकांडे आतून घासून गुळगुळीत करण्याचे काम हातांनीही करीत. आत शिशाचा जड ठोकळा ठेवीत, तेल व कुरुंदाची पूड घालीत आणि मजूर दोन्ही बाजूंनी दोर ओढून तो ठोकळा पुढेमागे घाशीत. एवढे श्रम करूनही पोकळी सर्वत्र सारख्या व्यासाची होईच असे नसे. यंत्राने कोरावे, तर पात्याचा दांडा एकाच टोकाशी धरलेला; त्यामुळे पाते ओतकामातील वाकड्या वाटेनेच जाई. न्यूकोमेनच्या यंत्रास हा दोष खपे, कारण दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवला की फट बुजे. वॅटला मात्र तो उपाय वर्ज्य होता. पाणी आले की नळकांडे थंड होणार! त्याच्या शोधानेच त्याला या पेचात टाकले होते.

किनील येथे १७६९ मध्ये उभारलेल्या यंत्राचे ओतीव नळकांडे निरुपयोगी ठरले. मग कथलाचे नळकांडे हातोड्यांनी ठोकून घडविले, तर त्यातूनही वाफ निसटे. बूच, तेलात भिजविलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, फार काय, जुन्या टोपीचे तुकडेसुद्धा वॅटने फटीत कोंबून पाहिले. व्यर्थ! पोटासाठी तो कालव्यांची मोजणी करू लागला. १७७३ मध्ये त्याचा भागीदार रोबक याचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी वॅट दूर डोंगराळ मुलखात मोजणी करीत असताना इकडे त्याची पत्नी मृत्यू पावली.

पुढे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने रोबकचा हिस्सा घेतला आणि १७७४ मध्ये वॅट बर्मिंगहॅमला गेला. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा कोरण्याची नवी रीत काढली व लवकरच नळकांड्यांसाठीही वेगळे यंत्र रचले. त्यात नळकांडे पक्के बांधून ठेवीत. त्यातून जाड दांडा आरपार घालीत, तो दोन्ही टोकांच्या आधारांवर फिरवीत आणि पाती त्या दांड्यावरून पुढे सरकवीत. दांडा लवत नसे, म्हणून छिद्रही वाकडे होत नसे. पन्नास इंची नळकांड्यातील चूक एखाद्या नाण्याच्या जाडीहून अधिक राहिली नाही. अशा नळकांड्याचे यंत्र मार्च १७७६ मध्ये ब्लूमफील्डच्या कोळशाच्या खाणीवर सुरू झाले आणि खड्ड्यातील ५७ फूट पाणी तासाभराच्या आत उपसले गेले. रविवारच्या त्या फेरफटक्यास तेव्हा जवळजवळ अकरा वर्षे झाली होती.

बोल्टन आणि वॅट यांची भागीदारी १८०० पर्यंत चालली. निवृत्तीनंतर वॅट घराच्या माळ्यावरील खोलीत हातांनी काही ना काही घडवीत बसे. २५ ऑगस्ट १८१९ रोजी तो निवर्तला. त्याची हत्यारे त्या खोलीत दीर्घकाळ तशीच होती. १९२४ मध्ये ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेण्यात आली.