तेलकट हातांचा मास्तर

हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्यासारख्या गावात ऐन हंगामात विहिरीवरचा पंप बंद पडला, की पदवीधराची नव्हे, मिस्त्रीची आठवण होते. पंप सुरू झाला, की मजुरीवरून घासाघीस करायला मालक मोकळा! यंत्र हवे, पण यंत्राशी झटणारा माणूस ओसरीखालीच बरा, ही पांढरपेशी वृत्ती जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिला आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले ते चित्रकार होण्यासाठी. परंतु त्यांना रंगांतील भेद नीट ओळखता येत नसे. रंग सुटले, यांत्रिक रेखाटन हाती राहिले आणि त्याच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षकाची नोकरी मिळाली. हक्काची बढती मात्र दुसऱ्यालाच मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. मास्तरकी सोडून बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकली विकणे आणि दुरुस्त करणे, हे त्या काळच्या सुशिक्षिताला उतरंडच वाटावे असे होते.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो. लोखंडी नांगर तळची माती पालटून वर आणतो. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तोवर कारखाना तगवून धरणे, हीच खरी कारागिरी म्हटली पाहिजे.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. हा राजा स्वतः चित्रकार. रंग न दिसणाऱ्या माणसातला कसबी त्याने अचूक ओळखला. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर वसाहत उभी राहू लागली, तीच किर्लोस्करवाडी. भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप तेथे तयार होऊ लागले. तुरुंगवास भोगून आलेल्यांवरही लक्ष्मणरावांनी तेथे राखणीचे काम सोपवले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.