तांब्याला ठसा देणारा याकोबी

शिशाच्या ओतीव गोळीवर तांब्याचा पातळ थर चढवायचा असो, कोरीव ठशाची हुबेहूब प्रत काढायची असो की प्रार्थनामंदिरासाठी भव्य पुतळा घडवायचा असो, या सर्व कामांमागचे तत्त्व एकच आहे. मोरचुदाच्या द्रावणातून वीज वाहू लागली की द्रावणातील तांबे ऋण ध्रुवावरील वस्तूवर कणाकणाने बसू लागते. या साध्या घटनेला कारखान्याची वाट दाखवणाऱ्यांमध्ये मोरित्झ हेरमान फॉन याकोबी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. रशियात ते बोरिस सेम्योनोविच याकोबी या नावाने ओळखले गेले.

याकोबी यांचा जन्म २१ सप्टेंबर १८०१ रोजी प्रशियातील पोट्सडाम येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील सावकारी पेढीच्या व्यवसायात होते. धाकटा भाऊ कार्ल गुस्ताव याकोब पुढे युरोपातील श्रेष्ठ गणितज्ञांमध्ये गणला गेला. थोरल्याने मात्र ग्योटिंगेन येथे वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. मन विटा-चुन्यापेक्षा विजेत अधिक रमत असे. १८३३ मध्ये ते क्योनिग्सबेर्ग येथे आले. धाकटा भाऊ तेथेच प्राध्यापक होता. मे १८३४ मध्ये याकोबी यांनी विद्युतचुंबकांच्या बळावर फिरणारे यंत्र सिद्ध केले. प्रत्यक्ष काम करू शकणाऱ्या पहिल्या विद्युत मोटारींमध्ये त्याची गणना होते.

या यंत्राची कीर्ती पसरताच १८३५ मध्ये त्यांना दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील विद्यापीठात स्थापत्य विषयाचे प्राध्यापकपद मिळाले. दोन वर्षांनी त्यांना राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये बोलावण्यात आले. १८३८ मध्ये नेवा नदीच्या पात्रात १४ माणसांना घेऊन त्यांची विजेवर चालणारी नाव धावली. तिचा वेग पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी होता आणि बॅटरीतील जस्त झपाट्याने खर्ची पडत होते. कोळशाच्या तुलनेत हे बळ फार महाग होते. नौकेचा प्रयोग त्यामुळे व्यवहारात टिकला नाही.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत वेगळेच काही घडले. विद्युतघटाच्या तांब्याच्या पत्र्यावर साचलेला नवा थर सोलून निघतो, हे याकोबी यांच्या ध्यानात आले. सोललेल्या पापुद्र्यावर मूळ पत्र्यावरचा बारीकसारीक ओरखडाही उलटा उमटलेला होता. दुसरा एखादा संशोधक हा बॅटरीचा दोष समजून पुढे गेला असता. याकोबी यांनी त्यात प्रतिकृतीचे तंत्र पाहिले. ऑक्टोबर १८३८ मध्ये त्यांनी विज्ञान अकादमीला हा शोध कळवला आणि त्याला गॅल्व्हॅनोप्लास्टिक असे नाव दिले.

विजेने धातूचा मुलामा देण्याचा प्रयोग त्यापूर्वीच, १८०५ च्या सुमारास, इटलीत ब्रुन्यातेल्ली यांनी केला होता. पण तो विस्मरणात गेला होता. १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे थॉमस स्पेन्सर आणि लंडनचे जॉर्डन यांनीही तांब्याच्या प्रतिकृतींबाबत स्वतंत्रपणे दावे केले. श्रेयाचा वाद रंगला. याकोबी यांनी मात्र आपली कृती कुलूपबंद ठेवली नाही. १८४० मध्ये त्यांनी ती सविस्तर ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांना मानाचे डेमिडोव पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलत बंधूंनी सोन्याचांदीच्या मुलाम्याचे पेटंट घेतले तेही १८४० मध्येच. त्या पेटंटावर मोठा उद्योग उभा राहिला.

याकोबी यांना थर सोलून हवा होता, तर मुलामा देणाऱ्याला तो घट्ट चिकटून हवा असतो. फरक मुख्यतः पृष्ठभागाच्या तयारीत आहे. तेल, मळ, गंज असेल तेथे थर सुटतो. निर्मळ धातूवर तो धरून राहतो. मेण किंवा प्लास्टरच्या साच्यातून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर ग्राफाइटची पूड चोळतात. ही युक्ती साधली आणि रशियात सरकारी कागदपत्रे व नोटा छापण्याचे ठसे या रीतीने बनू लागले. १८४४ मध्ये लॉयख्टेनबेर्गच्या ड्यूकने राजधानीत यासाठी कारखानाच काढला. १८५८ मध्ये अभिषेक झालेल्या सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या शिल्पांसाठी हेच तंत्र वापरले गेले. त्याच वास्तूचा घुमट मात्र जुन्या पद्धतीने, सोने पाऱ्यात विरघळवून आणि पारा उडवून, मढवला गेला. त्या विषारी वाफांनी कामगारांचा बळी घेतला. पाऱ्याविना सोने चढवणारे तंत्र किती मोलाचे होते, हे त्यावरून उमगते.

याकोबी यांची बुद्धी युद्धकार्यातही खर्ची पडली. विजेने उडणाऱ्या पाणसुरुंगांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. क्रिमियन युद्धात, १८५४-५५ मध्ये, क्रोनश्टाटच्या रक्षणासाठी असे सुरुंग पेरण्यात आले. तारायंत्राच्या क्षेत्रातही त्यांनी भर घातली. १८४३ मध्ये राजधानीपासून त्सारस्कोये सेलोपर्यंत त्यांनी तारेची ओळ टाकली आणि पुढे अक्षरे छापणारे यंत्र रचले. उतारवयात मोजमापांसाठी सर्व देशांनी मीटर पद्धती स्वीकारावी, असा आग्रह त्यांनी धरला. १० मार्च १८७४ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. मीटर करारावर सह्या झाल्या त्या त्यानंतरच्या वर्षी, १८७५ मध्ये.

आज तांब्याचा थर विद्युतमंडलाच्या पट्टीवर चढतो, नळाच्या तोटीवर निकेलखाली दडतो आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळीवरही बसतो. नळीत शिसे घासून चिकटू नये, हा गोळीवरील थराचा हेतू. शिल्पाला रूप देणारे आणि गोळीला कवच देणारे तत्त्व एकच, हे याकोबी यांच्या आयुष्यालाही लागू पडते. मूर्ती आणि पाणसुरुंग दोन्ही त्यांच्याच कर्तृत्वाशी जोडलेले आहेत. पण ज्याच्या बळावर पुढच्या पिढ्यांनी घरोघरी पोहोचणाऱ्या वस्तू बनवल्या, ती कृती त्यांनी सर्वांसमोर उघडी करून ठेवली. पापुद्रा सोलून पाहणाऱ्या या संशोधकाचे खरे ऋण तेच आहे.